शिंगाची माशी

आमच्या शिकारीच्या कॅम्पात चुलीमागच्या भिंतीवर चिंध्या ठोकलेल्या आहेत. नवख्याला वाटतं, पायपुसणी वाळत घातलीत. पण हरणावर बार टाकून ज्याचा नेम चुकला, त्याच्या शर्टाचा पाठीमागचा खालचा भाग त्याच दिवशी कापायचा, त्यावर पेन्सिलीनं नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर खिळा मारून लावायचा, अशी आमची रीत आहे. माझ्या आजोबांची चिंधी तिथं आहे. कॅम्पाचा कारभार बघणाऱ्या मर्लकाकाच्या तर चार आहेत, आणि प्रत्येक चिंधीमागे त्याच्याकडे एक सबब तयार असते.

माझी एकही नव्हती. सव्वीस हंगाम मी त्या डोंगरात हरणामागे गेले, आणि माझ्या शर्टाला कात्री लागली नाही. याचा मला माज होता असं डॉईल म्हणायचा. डॉईल म्हणजे मर्लकाकाचा जावई. होता माज! का नसावा? गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात बंदुकांचा कोपरा मी सांभाळते. सगळ्या तालुक्याच्या रायफलींवर दुर्बिणी बसवते, नेम जुळवून देते. आमच्या उत्तर पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी, हरणाचा हंगाम उघडतो तेव्हा, पहाटे जे बार ऐकू येतात, त्यातले निम्मे माझ्या हाताखालून गेलेले असतात. ज्याच्या दुकानातून दुसऱ्यांचा नेम जुळतो, त्याचा स्वतःचा चुकून कसं चालेल?

कॅम्पाचा आणखी एक नियम होता. सलग तीन वर्षं ज्याची चिंधी लागेल, त्यानं आपलं मचाण दुसऱ्याला द्यायचं. वाईट वाटलं तरी नियम बरोबर आहे. चुकलेल्या गोळीनं हरीण मरत नाही, नुसतं जखमी होऊन रानात तडफडतं, आणि ते आमच्यात कुणालाच खपत नाही.

माझ्या बाबांची, म्हणजे हार्लन ब्रेसलरांची, सलग दोन वर्षं चिंधी लागली होती. वय चौऱ्याहत्तर. त्यांचं मचाण हेमलॉकच्या दोन जुन्या झाडांमध्ये, ओढ्यावर. ते आजोबांनी बांधलं, आणि दर चार वर्षांनी बाबा स्वतः त्याच्या फळ्या बदलतात. यंदा तिसरी चिंधी लागली असती तर ते मचाण डॉईलला मिळणार होतं. डॉईलनं त्यासाठी घडीची खुर्चीसुद्धा घेऊन ठेवली होती. गाडीच्या मागे ती मला दिसली तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाबा दुकानात आले. खांद्याला त्यांची जुनी तीस-तीस रायफल होती. खालचा लोखंडी दांडा पुढे ओढून मागे घेतला की हिच्यात काडतूस चढतं. त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"काढ ही काच," ते म्हणाले.

'काच' म्हणजे दुर्बीण. ती मागच्या वर्षी मीच बसवली होती. त्याआधीच्या वर्षी नळीवरच्या जुन्या उघड्या खाचेतून नेम धरताना त्यांचा बार चुकला होता. वय झालं की जवळची खाच पुसट दिसते, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते. म्हणून हट्टानं त्यांच्या रायफलीवर मोठी दुर्बीण चढवली, तीन पटीपासून नऊ पटीपर्यंत मोठं दाखवणारी. आणि दुसऱ्या वर्षी तीच लावून त्यांचा बार पुन्हा चुकला. कसा चुकला ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. "चुकलो," एवढंच म्हणाले आणि शर्ट कापायला पाठ फिरवून उभे राहिले.

मी दांडा ओढून रायफल रिकामी आहे ना ते बघितलं आणि दुर्बिणीचे स्क्रू सोडवायला घेतले. तेवढ्यात माझी नजर तिच्या कड्यावर गेली. हे कडं फिरवलं की चित्र लहान-मोठं होतं. ते नवावर होतं.

"बाबा, हे कडं तुम्ही फिरवलंत?"

"नाही."

"मग नवावर कसं?"

"तू दिलीस तेव्हा तिथंच होतं."

मागच्या नोव्हेंबरात शंभर पावलांवर कागद लावून मी नेम जुळवला होता. कागदावरची भोकं दिसावीत म्हणून कडं नवावर नेलं होतं. रायफल गिऱ्हाइकाला देण्याआधी कडं परत तीनवर आणायचं, हे मी डोळे मिटूनही करते. त्या दिवशी केलं नव्हतं. नवावरच्या दुर्बिणीतून तीस-चाळीस पावलांवरचं हरीण दिसत नाही. नुसते केस दिसतात, तेही धुरकट. कुठला खांदा, कुठलं पोट, कुठलं झाडाचं खोड, काही कळत नाही.

"काय दिसलं होतं तुम्हाला?"

"तपकिरी." बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. "नुसत्या डोळ्यांनी नर चांगला दिसत होता. शिंगाची टोकंही मोजली. रायफल उचलली आणि नुसतं तपकिरी दिसलं. मला वाटलं खांदा. हेमलॉकचं खोड होतं."

"अहो, पण कडं फिरवायचं नाही का? चाळीस वर्षं कारखान्यात साचे बनवलेत तुम्ही! कडं फिरतं हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं होतं. पण पोरीनं जुळवून दिलेल्याला मी हात लावत नाही."

मी स्टुलावर बसले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सगळ्या तालुक्याला शिकवणारी मी, आणि माझ्याच बापाचा शर्ट माझ्या चुकीपायी कापला गेला होता. ते वर्षभर तोंड मिटून बसले होते. का, ते मला विचारावं लागलं नाही. कॅम्पात ते बोलले असते तर सोमवारपर्यंत गावभर झालं असतं की व्हर्नानं बापाची दुर्बीणच चुकीची लावली.

"मी आजच मर्लकाकाला सांगते. ती चिंधी काढायला लावते. मग दोन सलग उरतच नाहीत."

"काही सांगायचं नाही." बाबांचा आवाज चढला. "गोळी माझी, शर्ट माझा. बोलून सुटलेला माणूस म्हणून मला त्या मचाणावर बसायचं नाही. हरीण पाडीन आणि बसेन."

"आणि पाडल्यावर? पाडल्यावर तरी बोलू द्याल?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. आधी काच काढ."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही! पण खरं सांगते, त्या क्षणी मला त्या पिळाचा अभिमान वाटला.

मग मी कामाला लागले. दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत मी लाकडी हरीण उभं केलंय. टेबलावर एकेक वस्तू मांडली आणि बाबांना रिकामी रायफल उचलून नेम धरायला लावला. सगळ्यात आधी छोटी दुर्बीण, एक पट ते चार पट. जवळच्या आणि मधल्या अंतरासाठी मी हीच सर्वात जास्त विकते. पण बाबांनी पन्नास वर्षं गाल रायफलीच्या लाकडी दस्त्याला खाली घट्ट टेकवून नेम धरलेला. दुर्बीण बसते उंच. रायफल उचलल्यावर ते दर वेळी मान वर करून काच शोधायचे.

"कोंबडीसारखं काय करताय?"

"तूच कोंबडीच्या उंचीवर लावलीयस!"

मग लाल ठिपक्याचं छोटं यंत्र. याला डोळा कुठूनही लावला तरी ठिपका नेमाच्या जागी दिसतो, म्हणून तरुण पोरं त्यावर खूश असतात. बाबांनी बघितलं आणि हसले.

"ठिपका कुठाय? कुणीतरी टोमॅटो फेकून मारलाय इथं."

त्यांच्या बुबुळाला वाकडेपणा आहे, चष्म्याच्या नंबरात तो लिहिलेलाच आहे. तशा डोळ्याला लाल ठिपका फुटलेला दिसतो. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

शेवटी मी कपाटाच्या तळातून एक जुन्या पद्धतीची वस्तू काढली. रायफलीच्या मागच्या बाजूला, डोळ्याजवळ, एक लोखंडी चकती, आणि तिला मधोमध भोक. भोकातून बघायचं आणि नळीच्या टोकावरचा मणी हरणावर टेकवायचा, बस. त्या मण्याला आम्ही माशी म्हणतो. भोकात आणखी बारीक भोकाची एक चकती बसवलेली असते, कागदावर नेम धरायला. ती मी पिळून काढून टाकली आणि नुसती मोठी कडी ठेवली.

बाबांनी रायफल उचलली. "ही कडी मला धड दिसतच नाही. डोळ्याला चिकटलीय."

"दिसायलाच नको. तिच्यातून बघायचं, तिच्याकडे नाही."

"जे बघायचं नाही ते लावायचं कशाला?"

"बाबा, डोळे मिटा. रायफल खांद्याला लावा. आता उघडा."

त्यांनी डोळे उघडले. डोळा आपोआप भोकाच्या मध्यावर जातो, त्याला शिकवावं लागत नाही. म्हाताऱ्या डोळ्याला खाच, माशी आणि हरीण अशा तिघांकडे धावावं लागत नाही. माशी तेवढी बघायची.

"माशी दिसतेय," बाबा हळूच म्हणाले. "काळीभोर. स्पष्ट."

पण मी एकदा हात पोळून घेतला होता. दुकानामागच्या दुपारच्या उन्हात नेम जुळवणं आणि हेमलॉकच्या सावलीत हरीण पाडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या लोकांची हीच जुनी खोड: उघड्या शेतात टेबलावर शंभर पावलांचा कागद फोडायचा आणि मग जायचं अशा रानात, जिथं शंभर पावलं कुठून दिसतच नाहीत. मीही तेच केलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सूर्य कलल्यावर बाबांना घेऊन मचाणावर गेले. एकेका मोकळ्या जागेपर्यंत पावलं मोजली. ओढ्याच्या उतारापर्यंत अडतीस. पडलेल्या बीचच्या झाडाच्या ओंडक्यापर्यंत बावन्न. डाव्या हाताची वाट सर्वात लांब, ती अठ्ठ्याऐंशी. त्यापलीकडे दाट झुडपं. इथं नऊ पट मोठं करून काय बघायचं होतं? गेल्या वर्षीचं खोड बाबांनी दाखवलं. सालीत अंगठ्याएवढं भोक, छातीच्या उंचीवर. मी त्यात बोट घालून बघितलं. फार वाईट वाटलं.

बाबांनी रिकामी रायफल ओढ्याच्या दिशेनं धरली. "गेली."

"काय?"

"माशी गेली. अंधारात काळी माशी कशी दिसणार?"

खरं होतं. हेमलॉकखाली सकाळी आठपर्यंत उजेड कसा तो नसतोच. पितळेचा मणी लावला, तर तोही पुसट. पांढऱ्या मण्याची माशी मिळते, पण बाबांच्या रायफलीच्या मापाची माझ्याकडे नव्हती, आणि मागवली तर हंगाम संपल्यावर आली असती. मी ते सांगितलं तेव्हा बाबांच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं.

"माप दे," ते म्हणाले.

पुढचे तीन आठवडे त्यांच्या गॅरेजातलं लेथ यंत्र घरघरत होतं. स्वतःच्या पहिल्या हरणाच्या शिंगाचं टोक त्यांनी कापून घेतलं होतं. सत्तावन्न वर्षं ते शिंग दारावर टांगलेलं होतं. त्यातून त्यांनी ज्वारीच्या दाण्याहून लहान मणी कोरला. पहिले पाच फुटले. सहावा औषधाच्या डबीत कापूस घालून ते दुकानात घेऊन आले, लोखंडी पायावर बसवलेला. मी मापयंत्र लावलं. कानशीचा एक हातही मारावा लागला नाही. पाया खाचेत सरकला आणि जागच्या जागी बसला.

"कारखान्यानं तुम्हाला निवृत्त करून चूक केली," मी म्हणाले.

"ते त्यांना केव्हाच कळलंय," बाबा म्हणाले.

पन्नास पावलांवर त्यांनी तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं लोणच्याच्या बरणीच्या झाकणाखाली झाकली गेली. अठ्ठ्याऐंशी पावलांवर तिन्ही जेवणाच्या बशीत. मी ते दोन्ही कागद दुकानात काचेखाली ठेवले. गिऱ्हाइकं विचारायची, हे कुणाचे? मी सांगायचे, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचे, बिनकाचेचे.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी पहाटे कॅम्पात बटाटे आणि स्क्रॅपल, म्हणजे डुकराच्या मांसाच्या वड्या, तळल्याचा वास होता. डॉईलनं बाबांची रायफल हातात घेऊन उलटसुलट केली.

"काका, दुर्बीण विकून खाल्ली की काय? ही कसली भोकाची चकती? माझ्या आज्याकडे असली होती."

"तुझ्या आज्याच्या किती चिंध्या आहेत भिंतीवर?" बाबांनी विचारलं.

"एकही नाही," मर्लकाका चुलीपाशी खोकत हसला. "बस आता, डॉईल. खा गप."

"मी आपलं काळजीनं म्हणतो. शर्ट तरी लांब घातलाय ना, काका? कापायला बरं पडतं."

मी कॉफीचा पेला जरा जोरातच आपटला. बाबांनी फक्त नारिंगी जाकिटाची चेन वर ओढली. शिंगं मोजायची छोटी दुर्बीण गळ्यात अडकवली आणि निघाले.

माझं मचाण त्यांच्यापासून दूर, डोंगराच्या वरच्या धारेवर. बर्फ भुरभुरत होतं. उजाडलं, लांबून इतरांचे बार ऐकू यायला लागले. आमच्याकडे म्हणतात, एक बार म्हणजे हरीण, दोन बार म्हणजे बहुतेक, तीन बार म्हणजे नुसती काडतुसं. पावणेआठला ओढ्याकडून बार झाला. तीस-तीसचा आवाज मी हजारात ओळखते. मी श्वास रोखून दुसऱ्याची वाट बघत बसले. आला नाही.

एक बार म्हणजे हरीण. किंवा एक बार म्हणजे चुकलेला, आणि हरीण पसार. बार झाल्यावर अर्धा तास हलायचं नाही, हीसुद्धा रीतच. जखमी जनावर घाबरून लांब पळू नये म्हणून. असला लांबलचक अर्धा तास मी आयुष्यात काढला नाही. मग खाली उतरले.

बाबा पडलेल्या ओंडक्यावर बसून थर्मासातली कॉफी पीत होते. चेहऱ्यावरून काही कळेना.

"कुठाय?" मी विचारलं.

त्यांनी हनुवटीनं दाखवलं. भोकवाल्या खोडापासून बारा पावलांवर नर पडला होता. सात टोकांचा, मानेला जाड. गोळी खांद्यामागे, बरोबर जिथं लागायला हवी तिथं. पडल्या जागेवरून तो एक पाऊलही हलला नव्हता.

"एक्केचाळीस पावलं," बाबा म्हणाले. "रायफल उचलली आणि माशी तिथंच होती, पोरी. मला शोधावी लागली नाही."

मला रडू आलं. मी त्यांना मिठी मारली, कॉफी सांडली, आणि ते म्हणाले, "अगं, जाकीट!"

दुपारी हरीण कॅम्पाच्या खांबाला टांगलं. सगळे येऊन बाबांच्या पाठीवर थाप मारून गेले. डॉईलसुद्धा आला. खांद्यामागचं भोक त्यानं बारकाईनं बघितलं, टोपी काढली आणि म्हणाला, "काका, हे मला नसतं जमलं." तो माणूस वाईट नाही, फक्त खुर्ची लवकर घेतो.

जेवणाआधी मर्लकाकानं विचारलं, "कुणाचा चुकला का रे आज?" कुणाचाच चुकला नव्हता. मेंढ्यांची लोकर कापायची जुनी कात्री भिंतीवरच्या खिळ्याला होती. मी उठले आणि ती काढून घेतली.

"व्हर्ना," बाबा म्हणाले. "ठेव ती."

"तुम्ही म्हणालात तेव्हाचं तेव्हा बघू. आता तेव्हा झालंय." मी सगळ्यांकडे वळले. "मागच्या वर्षी बाबांचा नेम चुकला नाही. माझा चुकला. दुर्बीण मी नवावर सोडून दिली होती. नवावर, चाळीस पावलांच्या रानात! हे त्यांना ठाऊक होतं, आणि माझं नाव जाऊ नये म्हणून त्यांनी शर्ट कापून घेतला. ती चिंधी खाली काढा. तिथं माझी लावा."

मग डॉईल हळूच म्हणाला, "सव्वीस वर्षं, व्हर्ना!"

"मला मोजता येतं."

"पण नियम बार टाकणाऱ्याचा आहे," मर्लकाका डोकं खाजवत म्हणाला. "तू तर बार टाकलाच नाहीस."

"काका, नेम कोणी जुळवला होता?"

मर्लकाकानं कात्री माझ्या हातातून घेतली आणि बाबांपुढे धरली. हंगामातलं पहिलं हरीण ज्यानं पाडलं, त्यानंच कापायचं असतं.

बाबा मला नाही म्हणतील असं वाटलं. ते उठले, माझ्यामागे आले. शर्ट पँटीतून ओढला, कापड बोटांत ताणून धरलं आणि एका दमात कापलं. साचे बनवणारे हात ते, कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ आली. मग स्वतःची मागच्या वर्षीची चिंधी उपसून काढली आणि खिशात घातली. माझ्या तुकड्यावर पेन्सिलीनं माझं नाव आणि मागच्या वर्षाचं साल लिहिलं. बरोबर आजोबांच्या चिंधीशेजारी खिळा ठोकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला गंमत दिसली. कॅम्पातले सगळे गपचूप भिंतीकडे तोंड करून आपापल्या दुर्बिणीची कडी तपासत होते, आणि डॉईल सर्वांत आधी. पण ते नंतरचं. त्या दुपारी माझ्या पाठीला गार वारा लागत होता आणि मान ताठ होती. बाबा हातोडी खाली करून दोन पावलं मागे सरकले आणि भिंतीकडे डोळे बारीक करून बघू लागले.

"सरळ लागलीय का बघ रे, मर्ल," ते म्हणाले. "माझ्या पोरीची आहे."